श्वास कुठे अडला

वाचताना डोळा जिभेच्या एक ओळ पुढे असतो. हे मोठ्याने वाचणाऱ्यालाच ठाऊक. ऐकणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. त्या एका ओळीच्या अंतरावर मी निभावून नेलं, नाहीतर तिथेच, मालकांच्या टेबलासमोर, सगळं उघडं पडलं असतं. जीभ अजून 'कानाचा पडदा फाटल्याची तक्रार पालकांनी नोंदवली असून' एवढ्यावरच होती आणि डोळा खाली उतरून एका नावावर जाऊन बसला होता. आधी नाव, मग वडिलांचं नाव, मग आडनाव. माझं लग्नाआधीचं आडनाव तेच. वडिलांचं नावही तेच. शंकेला जागाच नव्हती. त्याच शाळेत, त्याच नावाचा, आमच्याच बापाचा आणखी एक मुलगा शिकवायला कुठून येणार? माझा धाकटा भाऊ पहिल्या पानाच्या प्रूफमध्ये तिसऱ्या बातमीत उभा होता, आणि त्याचं नाव मला पुढच्याच क्षणी माझ्या तोंडाने वाचायचं होतं, आवाज न हलवता. आवाज हलला असता तर उद्या सकाळी तो घराघरांत पोचला असता. मी वाढवून सांगत नाही. आमच्याकडे तसंच ठरतं.

आमच्याकडे म्हणजे पेपरात. मालकांची पद्धत बाहेरच्या माणसाला सांगितली तर त्याला थट्टा वाटते. दिवस कलायला लागला की पहिल्या पानाचं प्रूफ वर येतं, लांबच्या लांब कागद, शाई अजून ओलसर. मालक बूट काढतात, मोज्यातले पाय स्टुलावर ठेवतात, डोळे मिटतात आणि उजवा हात टेबलावर पालथा टाकतात. संपादक दाराशी उभे राहतात. खुर्ची असते, पण ते बसत नाहीत. मी खिडकीकडे पाठ करून उभी राहते आणि वाचते. आधी नजर टाकायची नाही, हा नियम. कागदाची घडी तिथेच, सगळ्यांसमोर उघडायची. मालक शब्द ऐकत नाहीत, माझा श्वास ऐकतात. जिथे तो अडतो, जिथे मी नकळत हवा आत ओढते, तिथे त्यांचं एक बोट टेबलावरून वर जातं. बस. ती बातमी वर जाते, मोठ्या टाइपात, फोटोसकट. बाकीचं सगळं, मंत्री असो की युद्ध, खाली नाहीतर आत. हे ते मामाच्या सलूनमध्ये शिकले. लहानपणी कोपऱ्यातल्या बाकावर बसून गिऱ्हाइकांना पेपर वाचून दाखवायचे. भाषणं वाचली की कात्री चालूच. भाव वाढले, कात्री चालूच. पण कुठल्या सुनेने सासऱ्याला कोंडून ठेवल्याचं आलं की कात्री थांबायची. 'कात्री थांबते ती बातमी,' हे वाक्य त्यांनी इतक्या सभांमधून सांगितलंय की मला त्यात कुठे थांबायचं तेही पाठ आहे. लोक दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसतात.

लोकांचा त्यांच्यावर जीव आहे, हे कबूल करायलाच हवं. रस्त्यात दिसले तर म्हाताऱ्या बायका त्यांचा हात धरतात तो सोडत नाहीत. मुलाला नोकरी, मुलीला स्थळ, हॉस्पिटलात खाट, जे काय असेल ते मालकांना सांगायचं. मालक एक फोन करतात आणि काम होतं. माझ्या आईला अशीच खाट मिळाली होती, एका फोनवर, आणि ती त्या खाटेवर बसून पेपरातला त्यांचा फोटो शेजारणीला दाखवायची. निवडणूक जवळ आली की मोठमोठी माणसं खालच्या मजल्यावर ताटकळतात आणि मालक वर झाडूवाल्या मावशींना गुडघ्याचं विचारत बसतात. सगळ्यांना अहो-जाहो. मलाही. मी टेलिफोन ऑपरेटर होते तेव्हा त्यांनी माझा आवाज ऐकला, वर बोलावलं आणि म्हणाले, "बाई, तुमचा आवाज घरातला आहे. शिकलेला नाही. तो बिघडू देऊ नका." मी हुरळून गेले होते. आता कचेरीत मला तराजू म्हणतात. तोंडावर कोणी म्हणत नाही, पण कानावर येतंच: आज तराजू कुठे हलला? तराजूला काय, तो हलतो आणि मोकळा होतो. एका हॉस्पिटलच्या पहारेकऱ्याने फाटक वेळेत उघडलं नाही, बाई गाडीतच बाळंत झाली, मूल गेलं. 'गाडीतच' या शब्दावर माझा श्वास अडला होता. सकाळी त्या पहारेकऱ्याच्या खिडक्या फुटल्या, दुपारी घरमालकाने सामान बाहेर काढलं, बायको पोरांना घेऊन माहेरी गेली. पुढे निघालं की त्या दिवशी फाटकावर तो नव्हताच. दिलगिरी आम्ही आतल्या पानावर छापली, भिंग घेऊन वाचावी लागेल अशी. तो मला अधूनमधून बसस्टॉपवर दिसतो, दाढी वाढलेली, ऐन उकाड्यात शर्टाची कॉलर वर. तो मला ओळखत नाही. मी ती बस सोडून देते.

हे सगळं मला त्या एका ओळीत आठवलं असं म्हटलं तर ते खोटं होईल. त्या ओळीत मला फक्त धाकट्याची मान दिसली, लहानपणची, केस बारीक कापलेली. आम्ही रजईत डोकं खुपसून श्वास कोंडायची शर्यत लावायचो. तो कायम लबाडी करायचा. ओठांच्या कोपऱ्यातून हळूच हवा ओढायचा आणि वर 'ताई, मी जिंकलो' म्हणून पलंगावर नाचायचा. मला ते ओढणं ऐकू यायचं. मी बोलायचे नाही. लहान होता, जिंकू दे बापड्याला. आणि त्याच पलंगावर पुढे बाबा पडून होते तेव्हा संध्याकाळी मी त्यांना पेपर वाचून दाखवायचे. त्यांच्या सोबतीचं कोणी गेल्याचं आलं की मी ते गाळायचे आणि तिथे न छापलेलं काहीतरी घालायचे: कुठे नवी बाग झाली, कुणाचं हरवलेलं कुत्रं घरी परत आलं. आवाज तसाच ठेवून. बाबा डोळे मिटून 'छान, छान' म्हणायचे. धाकटा खाली जमिनीवर बसलेला असायचा आणि माझ्या पायाला चिमटा काढायचा, कारण मी छापलेलं कधी वाचतेय आणि मनचं कधी, हे त्या एकट्याला कळायचं. कसं कळायचं ते त्याने कधी सांगितलं नाही. हसू दाबून वाचायला मी तिथे शिकले. रडू दाबणं त्या मानाने सोपं असतं.

पूर्णविराम आला. पूर्णविरामावर श्वास घेतला तर कोणाला काही वाटत नाही. मी तिथे मावेल तेवढा घेतला आणि पुढे निघाले. नाव वाचलं. वडिलांचं नाव वाचलं. शाळा वाचली. मुलाने गृहपाठ केला नव्हता, शिक्षकाने कानशिलात लगावली, मुलगा बाकावर आपटला, कानातून रक्त आलं, मुख्याध्यापकांनी बोलण्यास नकार दिला. सगळं त्या एका श्वासावर, भाजीची यादी वाचावी तसं. मध्ये थांबे होते, मी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही. मी मालकांच्या हाताकडे बघत होते. बोटं पालथी, स्वस्थ. नखं नीट कापलेली. अंगठीशेजारचं मांस फुगलेलं. शेवटचं वाक्य संपता संपत नव्हतं, मुलाला त्या कानाने पुन्हा ऐकू येईल की नाही हे डॉक्टर आज सांगू शकत नाहीत वगैरे, आणि त्याच्या टोकाला पोचेपर्यंत माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. पण बोट हललं नाही. धाकटा सुटला होता.

चौथी बातमी अगदी कोपऱ्यात होती, पानात जागा उरली तर भरायला ठेवतात तसली. वाचनालयातली एक बाई पुस्तकांमधली रंगीत चित्रं ब्लेडने कापून घरी नेत होती, ती पकडली गेली. एवढंच. मी 'वाचनालयातील महिला' एवढं म्हटलं आणि आत हवाच शिल्लक नव्हती. शरीराला बातमीतलं काय कळतं, त्याने घेतला श्वास. मोठ्याने, घशाचा आवाज होईल असा, 'कर्मचाऱ्याने' या शब्दाच्या ऐन मध्यात. मालकांचं बोट वर गेलं.

"थांबा," ते म्हणाले.

मी थांबले.

"हे वर घ्या."

संपादक दारातून पुढे आले. त्यांना आम्ही मान्यवर म्हणतो, कारण मालक काहीही बोलले तरी ते 'मान्य' म्हणतात. आज मात्र तेही घुटमळले. "हे लायब्ररीचं? चार ओळी आहेत. जागा भरायला घेतलंय."

"चार ओळींवर बाईंचा जीव वरखाली झाला." मालक डोळे मिटूनच बोलत होते, अगदी मऊ आवाजात. "पुस्तक कापणं म्हणजे काय ते त्यांना कळलं. तुम्ही इतकी पुस्तकं वाचलीत, तुम्हाला नाही कळलं. घोरपडीला पाठवा तिच्या घरी. शेजारीपाजारी बोलू देत. फोटो आणा."

घोरपड म्हणजे आमचा शहर बातमीदार. चिकटला की सुटत नाही म्हणून.

"मान्य," संपादक म्हणाले. "आणि मास्तरचं?"

"मास्तर मारतातच. आत टाका. नावबिव नको, उगीच शाळेची बदनामी. 'एका शिक्षकाने' म्हणा."

नावबिव नको. मी बाहेर पॅसेजमध्ये आले आणि भिंतीला टेकले तेव्हा हेच दोन शब्द माझ्या डोक्यात फिरत होते. मला आनंद झाला होता. उगाच साळसूदपणा कशाला, आनंदच झाला होता. रविवारी धाकटा आला होता तो आठवला. जेवला नाही, बायकोशी भांडून आला असेल असं मला वाटलं. सबंध वेळ उजवा हात खिशात. मी म्हटलं, हाताला काय झालंय रे, तर म्हणाला, काही नाही, सवय. डाव्या हाताने चहा प्यायला आणि बशीत सांडला. तेव्हाच विचारायला हवं होतं. विचारलं असतं तर काय केलं असतं मी? कान धरला असता. कान, बघा. मनात सुद्धा शब्द येऊ नयेत ते येतात. ते मूल कुठल्या हॉस्पिटलात असेल, त्याची आई खाटेवर बसली असेल की खाली, तिला कुणी एक फोन केला असेल का, हे सगळं मी बाजूला सारलं आणि त्या जागी ती वाचनालयातली बाई येऊन बसली. तिला मी पाहिलेलं नाही. तरी ती आलीच. मी स्वतःला समजावत होते: तिने पुस्तकं कापली की नाही? कापली. मी तर कापली नाहीत? आणि मग मागून दुसरा आवाज यायचा: धाकट्याने मारलं की नाही? मारलं. दोन्ही आवाज माझेच होते आणि दोन्ही घरातलेच होते.

एक आशा होती. वर घेतलेली बातमी भरून आली की मालक ती पुन्हा ऐकतात. दुसऱ्या खेपेला श्वास अडला नाही तर बातमी उतरते. असं झालेलं मी पाहिलंय. तेव्हा मी ती सपाट वाचली की काम झालं. पण ती उतरली तर वर काय जाणार? पानाला डोकं लागतंच. मालक म्हणणार, परत पहिल्यापासून वाचा, म्हणजे धाकट्यावरून पुन्हा एकदा जायचं. तरी मी ठरवलं, सपाट वाचायची. एकदा जमलं तर दुसऱ्यांदा जमेल. पॅसेजच्या टोकाला टेलिफोन होता, माझाच जुना. त्याच्यावर आता नवी मुलगी बसते. तिने विचारलं, "काकू, बरं नाहीये का? चेहरा किती उतरलाय." मी म्हटलं, "उतरणारच, चढवून कोण ठेवणार?" ती हसली. मला अजून विनोद करता येत होता याची मला भीती वाटली.

प्रूफ आलं. मालकांनी पुन्हा बूट काढले. घोरपडीने जाऊन यायचं ते काम चोख केलं होतं. शेजारच्या म्हणत होत्या, बाई आखडू आहे, कुणात मिसळत नाही. दुकानदार म्हणत होता, सुट्टे कधी विसरत नाही. एकटी राहते. लग्न केलं नाही. मी वाचत होते, सरळ, सपाट, जिथे पूर्णविराम तिथेच श्वास, जेवढा लागेल तेवढाच, आणि मालकांचा हात पालथाच होता. मला वाटलं, होतंय. मग ते वाक्य आलं. घोरपडीने ते काही मुद्दाम लिहिलं नव्हतं, ओळ भरायला लिहिलं असणार: 'आरोपी महिलेच्या खोलीत एका भिंतीवर कापलेले पक्षी ओळीने चिकटवलेले आढळले. खोलीला खिडकी नाही.' डोळा एक ओळ पुढे होता, मला आधीच दिसलं होतं, तयारी करायला जागा होती. तरी 'खिडकी' म्हणताना माझा श्वास अडला. या खेपेला हवा भरपूर होती. या खेपेला तो तिच्यासाठीच अडला.

मालकांचं बोट वर गेलं आणि तसंच राहिलं. "बघा," ते संपादकांना म्हणाले. "मघाशी मला जरा शंका आली होती. वेगळाच वाटला श्वास. आता नाही शंका. खोलीला खिडकी नाही, हे मथळ्याखाली घ्या. आणि पत्ता घाला. लोकांना कळू दे."

"मालक, पत्ता नको," मी म्हणाले.

इतक्या वर्षांत मी बातमीवर एक शब्द बोलले नव्हते. संपादक स्वतःच्या बुटांकडे बघायला लागले. मालकांनी डोळे उघडले. रागाने नाही. ते कधी रागावतच नाहीत, तेच तर आहे.

"का?" त्यांनी विचारलं.

मी प्रूफची घडी घालायला लागले.

"कारण सांगा, काढतो. पत्ता काय, बातमीच काढतो. तुम्ही आजवर माझ्याकडे काही मागितलं नाहीत बाई, आईच्या खाटेसाठी सुद्धा दुसऱ्याकडून कळलं मला. तुमच्या शब्दाबाहेर मी नाही. पण कारण लागेल."

ते खरंच थांबले होते. मला माहीत आहे ते केव्हा खोटं थांबतात आणि केव्हा खरं. एकच वाक्य बोलायचं होतं: पहिला श्वास तिचा नव्हता, माझ्या भावाचा होता. ते वाक्य तयार होतं. जिभेवर होतं. दाराशी मान्यवर, टेबलावर तो पालथा हात, प्रूफच्या कोपऱ्यात ती बाई, तिच्या दाराचा फोटो, बंद दार, दारासमोर एकच चप्पलजोड. मी तोंड उघडलं.

"घसा जरा बसलाय," मी म्हणाले.

मालक माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पाय स्टुलावरून खाली घेतले. "गरम पाणी घ्या," ते म्हणाले. "उद्या उशिरा आलात तरी चालेल. घसा जपा, तो एकट्या तुमचा नाही."

सकाळी धाकटा आला तो दोन्ही हात मोकळे सोडून आला. शाळेत जायच्या वाटेवर होता. काखेत पेपर, मुद्रा अशी की पोराचा वाढदिवस असावा. आल्या आल्या डबे उघडून काय आहे ते पाहिलं, लाडू असता तर उचलला असता, नव्हता म्हणून पाव उचलला. मग बसून मला सगळं सांगितलं, रविवारी जे सांगायचं होतं ते. पोरगं वात्रट होतं, उलटं बोललं, हात गेला. "मला वाटलं ताई, आता पेपरात नाव येणार. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. तुला सांगायची पण चोरी, तुझ्या मालकांपर्यंत जायचं म्हणून. आणि बघ, आत कुठेतरी आलंय, 'एका शिक्षकाने'. कोण वाचतंय ते."

"त्या मुलाचा कान?" मी विचारलं.

"भरतो गं. पोरांचं भरतं लगेच." मला वाटलं, आता काहीतरी बोलेल. त्याने पाव चहात बुडवला, आणि पहिलं पान उलगडून गुडघ्यावर ठेवलं. "हे वाचलंस का पण? थांब, ऐक." आणि त्याने मला वाचून दाखवलं. मास्तर आहे, छान वाचतो. त्या बाईच्या आखडूपणाबद्दलचं शेजारणींचं बोलणं त्यांच्याच चवीने वाचलं. खोलीला खिडकी नाही, यावरून तो सरळ पुढे गेला. "काय माणसं असतात. पुस्तकं कापते, सरकारी पुस्तकं. अशांना दोन ठेवून द्यायला हव्यात." मग पत्ता आला आणि त्याचा आवाज थबकला. हवा आत गेलेली मला स्पष्ट ऐकू आली. "अगं, ही तर आमच्या शाळेमागचीच गल्ली. मधल्या सुट्टीत जाऊन बघून येतो."

"जाऊ नकोस," मी म्हणाले.

"का?"

तोच शब्द, तितकाच साधा. "ऊन असतं," मी म्हणाले. तो मोठ्याने हसला, म्हणाला, तू म्हातारी होत चाललीस, आणि माझ्या डोक्यावर टपली मारून गेला. उजव्या हाताने. हळूच मारली, लाडाने. कपाटाच्या आरशात मी बघितलं तर मी दोन्ही हातांनी स्वतःचे कान झाकून उभी होते.

गल्ली सापडायला त्रास पडला नाही. पत्ता अचूक छापला होता आणि लोक त्याच दिशेने चालले होते. मी का गेले मला सांगता येणार नाही. तिला काही सांगायला गेले असेन. पण दाराजवळ जाता येत नव्हतं, इतकी माणसं. भांडण नाही, दगड नाहीत, अजून काहीच नाही. नुसती उभी होती, नळावर नंबर लावल्यासारखी. बायका कडेवर पोरं घेऊन आल्या होत्या. एकाने दारावर थाप मारली आणि मागे सरून हसला. दार आतून बंद होतं. फोटोतली चप्पलजोड तिथेच होती, कुणीतरी त्यातली एक उलटी केली होती. आत ती असणार. खिडकी नाही, तेव्हा दाराच्या फटीतून काय येईल तोच उजेड आणि आवाज. त्या दारापर्यंत जे बोललं जाईल ते तिला ऐकू जात असणार, आणि माझ्या आवाजाने तिला इथे आणून बसवलं हे तिला कधीच कळणार नव्हतं.

"बाई," शेजारचे एक आजोबा मला म्हणाले. त्यांच्या हातात आमचाच पेपर होता. "चष्मा घरी राहिला. नेमकं काय केलंय हिने? जरा मोठ्याने वाचा, मागच्यांनाही कळू दे."

"हो, वाचा वाचा," मागून कोणीतरी म्हणालं. "सगळ्यांना ऐकू जाऊ दे."

मी पेपर हातात घेतला. माणसं गप्प झाली, अगदी टेबलाशी होतात तशी. वर बघितलं तेव्हा गर्दीच्या कडेला धाकटा दिसला. बाहीला खडूची पांढरी पूड. मधली सुट्टी झाली असणार. मला बघून त्याने भुवया उडवल्या, तू पण आलीसच ना, असं काहीतरी. आणि हसला, रजईतून बाहेर पडल्यावर हसायचा तसा. माझा लाडका आहे तो. आजही आहे.

मी पहिलं पान समोर धरलं आणि जे छापलेलं नव्हतं ते वाचायला लागले. "कानाचा पडदा फाटल्याची तक्रार पालकांनी नोंदवली असून मुलावर उपचार सुरू आहेत." आवाज मी तसाच ठेवला, घरातला. आजोबा मान डोलावत ऐकत होते. एक बाई म्हणाली, "कानाचं काय? चित्रांचं ना?" आणि तिला दुसरीने गप्प केलं. मी मनचं वाचतेय हे त्या सगळ्या गर्दीत एकट्या धाकट्याला कळलं, लगेच कळलं, नेहमीसारखं. त्याचं हसू तसंच राहिलं, पण त्यातून तो निघून गेला. उजवा हात हळूहळू खिशात गेला. त्याने मान हलवली, इतकीच की मला दिसावी. ताई, नको.

पूर्णविराम आला. मी सावकाश श्वास घेतला, मागच्यांना ऐकू जाईल असा, बंद दारापर्यंत जाईल असा, आणि त्याचं नाव वाचलं. मग वडिलांचं नाव. मग आमचं आडनाव.